एक अक्षर आणि त्याचं अख्खं खटलं : चिनी शब्द कसे जुळतात

रानवारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. चिनी शिकतोय म्हटलं की समोरचा हटकून विचारतो, बाप रे, एवढी हजारो अक्षरं पाठ कशी करता? अक्षरं पाठ करावी लागतातच, त्यातून सुटका नाही, पण शब्द मात्र वेगळे घोकावे लागत नाहीत, कारण एक अक्षर आलं की त्याच्यामागून त्याचं अख्खं खटलं, म्हणजे सगळा गोतावळा, चालत येतं. ज्यांनी चिनी कधी पाहिलीच नाही त्यांनाही कळेल असं लिहायचा प्रयत्न करतो. उच्चार मराठी कानाला ऐकू येतात तसे देतोय आणि अक्षरं वेगळी दिसावीत म्हणून मधे रेघ टाकलीय.

तिएन हे अक्षर घ्या. अर्थ वीज. आता तिएन-ह्वा म्हणजे वीज-बोलणं, झाला टेलिफोन. तिएन-यिंग वीज-सावली, म्हणजे सिनेमा. तिएन-शर् वीज-पाहणं, टीव्ही. तिएन-नाओ वीज-मेंदू, कॉम्प्युटर. तिएन-थी वीज-शिडी, लिफ्ट. तिएन-छर् वीज-तळं, म्हणजे सेल, बॅटरी. तिएन-पाओ म्हणजे तार, पोस्टातली जुनी तार. तिएन-पिंग-शियांग वीज-बर्फ-पेटी, फ्रिज. दिवा, पंखा, वायर, सगळ्यांच्या पुढे तिएन. घरात नुसती नजर फिरवली तरी वीसेक शब्द निघतात आणि प्रत्येकात तेच एक अक्षर.

या अक्षराची गोष्टही मस्त आहे. जुन्या रूपात वरती पावसाचं चिन्ह आहे, ढगाखाली थेंब असतात ना तसं, आणि त्याच्या खाली मधे आडवी रेघ असलेली चौकट, तिच्यातून आरपार गेलेली आणि खाली उजवीकडे वळून आकडा झालेली शेपटी. पावसातून खाली येणारी वीज. चीनमध्ये १९५६ च्या सुलभीकरण योजनेत वरचा पाऊस काढून टाकला, आता तिथे नुसती चौकट आणि शेपटी उरली. तैवान आणि हाँगकाँगमध्ये पाऊस अजून आहे. मला पावसासकटचंच आवडतं, कारण त्यात अर्थ दिसतो. मुळात तिएन म्हणजे फक्त आकाशातली वीज, तारेतली वीज जगात यायच्या कितीतरी शतकं आधीपासून. निंगपो शहरात मॅकगोवन नावाच्या अमेरिकन मिशनरी डॉक्टरने १८५१ मध्ये विजेवर चिनीत पुस्तक काढलं त्यात तिएन-छी असा शब्द येतो, छी म्हणजे वायू, प्राण, जे काय वाहतं ते. तिथून पुढे आकाशातलं अक्षर कारखान्यात आलं. आपल्याकडेही वीज चमकते आणि वीज जाते, दोन्हीला शब्द एकच, त्यामुळे मराठी माणसाला यात काहीच परकं वाटू नये.

आणि आता माझा खरा मुद्दा. टेलिफोन शांघायमध्ये नवीन आला तेव्हा लोक त्याला त-ल्यू-फंग म्हणायचे, म्हणजे इंग्रजी शब्दाचाच उच्चार चिनी अक्षरांत बसवलेला. त म्हणजे सद्गुण, ल्यू म्हणजे कायदा, फंग म्हणजे वारा. सद्गुण-कायदा-वारा, यातून कोणाला काय कळणार? मग जपानमध्ये तयार झालेला वीज-बोलणं हा शब्द आला आणि त-ल्यू-फंग गेलाच. माझं मत असं की तो हरला कारण त्याला कोणी नातेवाईक नव्हते. तिएन-ह्वाला आधीच तारेचा तिएन-पाओ होता, मागाहून बाकीचे आले. चिनीत शब्द टिकतो तो गोतावळ्याच्या जोरावर.

तुमच्याकडे अशी आणखी खटली असतील तर टाका.

व्याकरणमास्तर

उत्तम धागा. वाचनखूण साठवली. एक शंका, सगळीकडे इंग्रजी लिपीत या अक्षराचं स्पेलिंग द ने सुरू होतं, दिएन असं वाचायचो आम्ही. तुम्ही तिएन का लिहिलंत?

रानवारा

सर, तुम्ही हे विचारणार याची खात्री होती. ते इंग्रजी अक्षर निव्वळ सोयीसाठी आहे. चिनीत आपल्यासारखा द नाहीच, ब नाही, ग नाही. त्यांच्याकडे त आणि थ, प आणि फ, क आणि ख असा फरक आहे, म्हणजे हवा सोडून की हवा न सोडता एवढाच. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक मुद्दाम शिकावा लागतो आणि आपल्याला तो पाळण्यात मिळालाय. उदाहरण द्यायचं तर तिएन म्हणजे वीज आणि थिएन म्हणजे आकाश, दिवस. चिन-थिएन आज, मिंग-थिएन उद्या, थिएन-छी हवामान. मराठी माणूस यात कधीच गोंधळणार नाही. बीजिंगसुद्धा खरं म्हणजे पेइ-चिंग.

आणि तुमच्यासाठी खास. चिनीत आपले दोन्ही च आहेत, चिंचेतला च पण आणि चोरातला च पण. हिंदीवाल्यांना चोरातला च जमवावा लागतो, आपण तो चुलीजवळ बसून शिकलेलो असतो. चिनीत अक्षराला जो शब्द आहे तो याच चोरातल्या च ने सुरू होतो.

सिंगापुरी_चाफा

अरे वा, माझा रोजचा विषय! माझी लेक इथे शाळेत चिनी घेते आणि तिचा गृहपाठ हाच असतो, बाई एक अक्षर देतात आणि त्याच्यापासून शब्द बनवून आणायचे. चीन-तैवानमध्येपण प्राथमिक शाळेत हा स्वाध्याय असतोच. मागे ह्वो हे अक्षर होतं, ह्वो म्हणजे आग. अक्षर पण साधं, उभा माणूस पाय फाकवून आणि दोन्ही बाजूंना एकेक ठिणगी. तिने आणलेली यादी देते : ह्वो-छ आग-गाडी, म्हणजे ट्रेन. ह्वो-शान आग-डोंगर, ज्वालामुखी. ह्वो-छाय आग-सरपण, म्हणजे काडेपेटीतली काडी. ह्वो-चिएन आग-बाण, रॉकेट. ह्वो-क्वो आग-भांडं, ते टेबलावर उकळत ठेवून खातात ते हॉटपॉट. ह्वो-शिंग आग-तारा, म्हणजे मंगळ ग्रह. ह्वो-ची आग-कोंबडी म्हणजे टर्की, गळ्याखाली लालभडक असतं म्हणून असावं. आणि ह्वो-थुइ आग-तंगडी म्हणजे हॅम.

लेकीला यातला एकही शब्द मी पाठ करताना बघितलं नाही, ती फक्त दुसरं अक्षर लक्षात ठेवते.

व्याकरणमास्तर

ताई, आगगाडी!! अहो हा तर आपलाच शब्द. आगगाडी, आगबोट, आगकाडी, आगपेटी. आमच्या लहानपणी कोणी ट्रेन म्हणतच नव्हतं. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही आणि तरी लोखंडाच्या रुळावर धूर सोडत येणारी वस्तू बघून दोघांनी एकच शब्द केला, यासारखा आनंद नाही.

आता व्याकरण. हा आपला तत्पुरुष समास झाला, ज्यात उत्तरपद प्रधान असतं. आगगाडी ही शेवटी गाडी आहे, आग नव्हे. बैलगाडी, घोडागाडी, सगळ्या गाड्याच. तुमच्या उदाहरणांत ह्वो पुढे आहे, पण जात ठरवतंय ते मागचं अक्षर. तर मग खटली दोन प्रकारची झाली ना, पुढून जुळणारी आणि मागून जुळणारी? रानवारा, मागून जुळणारं एखादं द्या.

रानवारा

सर, अगदी बरोबर पकडलंत, आणि मागून जुळणारी खटली जास्त भरवशाची असतात. तुमच्या गाडीचंच देतो. छ म्हणजे चाकांवर चालणारं वाहन. ह्वो-छ आगगाडी, छी-छ वाफ-गाडी म्हणजे मोटार (पेट्रोलवर चालते तरी नाव वाफेचं), तिएन-छ वीज-गाडी म्हणजे ट्राम, मा-छ घोडागाडी, न्यू-छ बैलगाडी, अक्षरशः बैल अधिक गाडी. सायकल म्हणजे स्वतः-चालणारी-गाडी, च़-शिंग-छ, तो पहिला च चोरातला. १९ व्या शतकात आगगाडीला ह्वो-लुन-छ, आग-चाक-गाडी, असंही म्हणायचे आणि आगबोटीला आग-चाक-जहाज. आता ट्रेनमधलं चाक गळलं आणि जहाजातली आग गळली, आजचं आगबोटीचं नाव नुसतं चाक-जहाज आहे.

छ चं जुनं अक्षर म्हणजे वरून बघितलेला रथ, मधे बसायची चौकट, वर-खाली चाकांच्या आडव्या रेघा आणि सगळ्यातून आरपार गेलेला आस. हे एकदा नीट बघितलं की विसरणं शक्य नाही.

तसंच ची, म्हणजे यंत्र. शोउ-ची हात-यंत्र, मोबाइल. फेइ-ची उडतं-यंत्र, विमान. अर्-ची कान-यंत्र, इअरफोन. ता-ह्वो-ची आग-पेटव-यंत्र, लायटर. चीनमध्ये सरकारी आणि विद्यापीठातल्या कागदावर कॉम्प्युटरला वीज-मेंदू न म्हणता गणन-यंत्र म्हणतात, तोही या ची च्या घरातला. बाजारात मात्र सगळे तिएन-नाओच म्हणतात.

दगडूशेठ_नंतर_डावीकडे

वाचायला छान वाटतंय, पण मला एक स्पष्ट विचारायचंय. हे सगळं अर्थ आधी माहीत असेल तरच सोपं वाटतं ना? वीज-तळं ऐकून कोणाला सेल सुचेल? आग-तंगडी ऐकून मला तरी भाजलेली तंगडी कबाब आठवेल, हॅम नाही. आणि मी ऑनलाइन थोडं शिकलो तेव्हा ता या अक्षराने घाम काढला. ता म्हणजे मारणे. मग फोन करणे याला ता-तिएन-ह्वा, टॅक्सी करणे याला ता-छ, इंजेक्शन देणे याला ता म्हणजे मारणे आणि सुई, टायपिंग करणे याला ता आणि अक्षर, विहिरीवरून पाणी आणणे याला ता-श्वेइ, आणि ढग गडगडले तरी ताच. यात कसलं खटलं आणि कसली जात? प्रत्येक ठिकाणी अर्थ निराळा.

रानवारा

मुद्दा रास्त आहे आणि मी तो अर्धा मान्य करतो. अंदाज बांधून शब्द काढता येतील असा दावा नाही. उपयोग आहे तो लक्षात ठेवायला. वीज-तळं म्हणजे सेल हे एकदा कळलं की ते परत विसरत नाही, कारण दोन्ही अक्षरं आधीपासून ओळखीची असतात. इंग्रजीत बॅटरी शब्दाला धरायला काही नाही, नुसता आवाज पाठ करायचा.

आता ता चं. जरा मराठीत बघा. हाक मारतो, उडी मारतो, गप्पा मारतो, थापा मारतो, चक्कर मारतो, बुडी मारतो, शिट्टी मारतो, झाडून काढताना हात मारतो, फोनसुद्धा मारतो. यात कोण कोणाला मारतंय? कोणीच नाही. मारणे घासून घासून नुसतं करणे उरलं. ता चंही तसंच झालंय, फक्त त्यांच्याकडे ते लिहिताना दिसतं. त्या अक्षराच्या डाव्या बाजूला हाताचं चिन्ह आहे आणि हाताने, झटक्यात करायचं काहीही त्यात बसतं. तुम्हाला मराठी येतं म्हणजे ता निम्मा आलाच.

व्याकरणमास्तर

मारणे चं उदाहरण वर्गात सांगण्यासारखं आहे. घेऊन ठेवतो.

तोक्योकर

उशिरा आलो. इथे जपानमध्ये हीच अक्षरं जरा वेगळा संसार करतात त्याबद्दल लिहितो. वीज या अक्षराचा उच्चार इथे देन. देनवा फोन, देनची बॅटरी, देनकी वीज किंवा घरातला दिवा. देनशा म्हणजे रोजची लोकल. हीच दोन अक्षरं चीनमध्ये ट्राम. गंमत वाफ-गाडीची आहे, जपानीत किशा म्हणजे वाफेच्या इंजिनाची रेल्वे, कोरियनमध्ये किछा म्हणजे रेल्वे, आणि चीनमध्ये तीच अक्षरं म्हणजे मोटार. अक्षरं जशीच्या तशी, पण कोणाकडे वाफेवर आधी काय धावलं आणि नाव कशाला चिकटलं त्यावर गाडी बदलली. सायकलही निराळी, इथे स्वतः-फिरणारी-गाडी म्हणतात, चालणारी नव्हे.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे हात-कागद. जपानीत तेगामि, म्हणजे पत्र. चिनीत हात-कागद म्हणजे टॉयलेट पेपर. आमच्या ऑफिसात चीनहून आलेल्या एकीला हे कळेपर्यंत फार विचित्र वाटायचं.

आणि सिंगापुरी चाफा यांनी आग-तारा म्हणजे मंगळ लिहिलंय त्यात पुढे आहे. पाच ग्रह पाच तत्त्वांवर : पाणी-तारा बुध, धातू-तारा शुक्र (ते अक्षर सोन्याचंही आहे), आग-तारा मंगळ, लाकूड-तारा गुरू, माती-तारा शनी. सगळ्यांच्या शेवटी तोच शिंग, तारा. ही नावं चीनची स्वतःची. पण जपानी वार बघा : मंगळवार आग-वार, बुधवार पाणी-वार, गुरुवार लाकूड-वार, शुक्रवार सोनं-वार, शनिवार माती-वार. ग्रह आणि वार आपल्याशी तंतोतंत जुळतात आणि हा योगायोग नाही, आठव्या शतकात अमोघवज्र या बौद्ध आचार्यांनी ग्रह-नक्षत्रांचा आणि वारांचा ग्रंथ चिनीत आणला, तिथून ते जपानला आलं. चीनने पुढे ही नावं सोडली, आता तिथे मंगळवार म्हणजे नुसता आठवड्याचा दुसरा. जपानने धरून ठेवली. आपल्याकडे मंगळाला अंगारक म्हणतात हे आठवलं तर आग-वार किती चपखल बसतो बघा.

ओवी

मला एक विचारायचंय. आमच्या कॉलेजात एक मोटिव्हेशनल स्पीकर आले होते त्यांनी सांगितलं की चिनी भाषेत संकट हा शब्द दोन अक्षरांचा आहे, एक धोका आणि दुसरं संधी. हे खरं का? खूप टाळ्या पडल्या होत्या.

रानवारा

ओवी, हे जगभर सांगतात, केनेडींनीही १९५९ मध्ये भाषणात सांगितलं होतं, पण ते तसं नाही. शब्द वेइ-ची. वेइ म्हणजे धोका, हे ठीक. ची म्हणजे वर आलेलं यंत्राचंच अक्षर. त्याचा जुना अर्थ धनुष्याच्या चापाचा खटका, जो दाबला की बाण सुटतो. त्यावरून दोन वाटा फुटल्या. एक यंत्राची, विमान-मोबाइलवाली. दुसरी निर्णायक क्षणाची, आता इकडे की तिकडे असा नाजूक वेळ. वेइ-ची म्हणजे धोक्याचा असा नाजूक वेळ. संधीला शब्द आहे ची-ह्वेइ, त्यात तीच ची आहे, पण संधीचा अर्थ दोन अक्षरं मिळून तयार होतो. एका ची ला उचलून संधी म्हणायचं म्हणजे आगगाडीतला गाडी शब्द काढून त्यालाच आगगाडी म्हणण्यासारखं झालं. चिनी माणूस वेइ-ची ऐकून घाबरतो, खूश होत नाही.

हे मुद्दाम सविस्तर लिहिलं कारण खटल्याचा नाद लागला की हा मोह होतो, सारखं अक्षर दिसलं की सारखा अर्थ काढायचा. पूर्व-पश्चिम मिळून तुंग-शी म्हणजे वस्तू, कुठलीही वस्तू, दिशांचा संबंध नाही. मा-शांग म्हणजे घोड्यावर, आणि अर्थ लगेच, ताबडतोब. मा हा घोडाच परत मॅरेथॉनच्या चिनी शब्दात आहे, मोटरच्याही शब्दात आहे, पण तिथे तो फक्त आवाजासाठी आलाय. सोफ्यातलं पहिलं अक्षर वाळूचं आहे म्हणून सोफ्यात वाळू शोधायची नाही.

व्याकरणमास्तर

घोड्यावर म्हणजे ताबडतोब! आपण घोड्यावर बसून आलास का म्हणतो तेही घाईच्याच अर्थाने.

खवय्या_नं_१

शाओमी म्हणजे काय मग? फोनची कंपनी. घरात तीन आहेत.

सिंगापुरी_चाफा

श्याओ म्हणजे लहान, मी म्हणजे दाणा, तांदूळ. लहान-तांदूळ म्हणजे एक भरड धान्य, आपले राळे! इथे चायनीज दुकानात पिवळे राळे याच नावाने मिळतात, पेज करतात त्याची. याच्या जोडीला ता-मी, मोठा-दाणा, म्हणजे नेहमीचा तांदूळ. लहान-गहू म्हणजे आपला गहू आणि मोठा-गहू म्हणजे बार्ली, सातू. श्याओ-शिन म्हणजे लहान-मन, अर्थ जपून! इथे प्लॅटफॉर्मवर आणि ओल्या फरशीवरच्या पाटीवर तेच लिहिलेलं असतं. आणि मोठा-लहान दोन्ही एकत्र, ता-श्याओ, म्हणजे साइज. कपड्याच्या दुकानात हाच शब्द.

व्याकरणमास्तर

हा द्वंद्व. कमीजास्त, लहानमोठं.

ओवी

अजून एक, राग मानू नका. तिएन-ह्वा मधला ह्वा, आणि हुआवे कंपनीतला हुआ, एकच का?

रानवारा

राग कसला, हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. नाही, एक नाही. आणि इथेच देवनागरी कमी पडते. मी ह्वा लिहिलं की निदान चार वेगळी अक्षरं एकाच वेषात तुमच्यासमोर येतात. टेलिफोनमधला ह्वा म्हणजे बोलणं, त्याच्या डाव्या बाजूला वाणीचं चिन्ह. दुसरा ह्वा म्हणजे फूल, त्यावर गवताचं चिन्ह. तिसरा ह्वा म्हणजे बदल, पालटणं : ह्वा-श्युए बदल-शास्त्र म्हणजे रसायनशास्त्र, वन-ह्वा म्हणजे संस्कृती, आणि आधुनिकीकरण, औद्योगिकीकरण यातलं जे करण आहे तिथे चिनीत हाच ह्वा शेपटाला लागतो. चौथा ह्वा म्हणजे वैभव, तेज, आणि त्यावरून चीन. हुआवे मधला हा चौथा.

बोलताना यातले काही सुरावरून वेगळे पडतात, फुलाचा सपाट उंच, चीनचा चढता, बोलण्याचा आणि बदलाचा दोन्ही खाली पडणारे. म्हणजे शेवटचे दोन तर कानालाही सारखेच. दुकान हे अक्षरही तिएनच आहे, सूरही विजेचाच. पुस्तकाचं दुकान शू-तिएन, त्यात विजेचा काही संबंध नाही. म्हणून खटलं कानाने शोधायचं नाही, डोळ्याने शोधायचं. अक्षर ओळखता आलं पाहिजे.

सोलापुरी_चादर

रानवारा भाऊ, चीनच्या ह्वावरून आठवलं म्हणून लिहितो. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, भय्या चौकात त्यांच्या घराचं स्मारक आहे, मी अनेक पाहुण्यांना नेऊन दाखवलंय. तिथे त्यांचं चिनी नाव के दिहुआ असं आहे. त्यातला हुआ हाच का?

रानवारा

दादा, हाच. आणि या धाग्यात यापेक्षा मोठं उदाहरण नाही, तुम्ही आठवण काढलीत फार बरं वाटलं. चिनी उच्चार ख ती-ह्वा. ख आणि ती हे कोटणीस या आडनावाच्या आवाजावरून, आणि शेवटचा ह्वा म्हणजे चीन. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते, अटल, नागपूरचे चोळकर, आपले कोटणीस, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. पाचही जणांच्या चिनी नावाच्या शेवटी हाच ह्वा आहे. बसूंचं पा सू-ह्वा, अटल यांचं आय त-ह्वा. पाच आडनावं, पाच घरं, आणि चीनने सगळ्यांना एक अक्षर देऊन आपल्यात घेतलं. चिनी घरांत एका पिढीतल्या भावंडांच्या नावात एक अक्षर सारखं ठेवायची जुनी रीत आहे, त्यामुळे ही नावं एका रांगेत वाचली की चिनी माणसाला ती भावांसारखी वाटत असतील असं मला नेहमी वाटतं.

पुढे कोटणीसांना मुलगा झाला, त्याचं नाव यिन-ह्वा. यिन म्हणजे भारत, भारताच्या चिनी नावातलं पहिलं अक्षर, आणि ह्वा तोच वडिलांच्या नावातला. डॉक्टर ९ डिसेंबर १९४२ ला वारले, अवघे ३२ वर्षांचे. त्यांची समाधी शर्च्याच्वांग शहरातल्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे, त्या जागेच्या नावाची सुरुवात ह्वा-पेइ अशी, म्हणजे उत्तर चीन. पेइ म्हणजे उत्तर, पेइ-चिंगमधला तोच.

सोलापुरी_चादर

यिन-ह्वाचा अर्थ माहीत नव्हता. पुढच्या वेळी कोणाला स्मारक दाखवताना हे नक्की सांगणार. धन्यवाद भाऊ.

सिंगापुरी_चाफा

इथे चिनी भाषेलाच ह्वा-यू म्हणतात, ह्वाची भाषा. १९७९ मध्ये सरकारने मोहीम काढली होती की घरात आपापल्या बोलीऐवजी ह्वा-यू बोला. परदेशातल्या चिनी वंशाच्या लोकांना ह्वा-रन. रन म्हणजे माणूस.

दगडूशेठ_नंतर_डावीकडे

पटलं. परत सुरू करावं म्हणतोय. आता प्रॅक्टिकल सांगा, अशी खटली एका जागी कुठे मिळतात? ॲपमध्ये शब्द सुटे सुटे येतात, आज फळं, उद्या रंग.

रानवारा

डिक्शनरी घ्या, छापील. चिनी कोशाची रचनाच तशी असते, ठळक एकच अक्षर आणि त्याच्याखाली त्याने सुरू होणारे शब्द ओळीने. तिएनचं पान उघडलं की फोन, सिनेमा, लिफ्ट सगळे एकाखाली एक सापडतात. दोन प्रकारचे कोश असतात हे लक्षात ठेवा, अक्षरकोश आणि शब्दकोश. शाळेतली पोरं वापरतात तो शिन-ह्वा अक्षरकोश, पहिल्यांदा निघाला १९५३ मध्ये, त्यात अक्षर नीट समजतं पण शब्द थोडे. खटल्यासाठी शब्दकोश हवा. मागून जुळणारे म्हणजे सगळ्या छ, सगळ्या ची, ते नेहमीच्या कोशात पानापानांवर विखुरलेले असतात, त्यासाठी उलट क्रमाचे कोशही चिनीत निघालेत, शेवटच्या अक्षराने लावलेले. नाहीतर सरळ एक वही करा, एका पानाला एक अक्षर, डाव्या बाजूला ते पुढे आलेले शब्द आणि उजव्या बाजूला मागे आलेले. सुरुवात वीज, आग, गाडी, यंत्र, शास्त्र आणि मन या सहापासून करा. मनाचं अक्षर शिन, त्यात काळजी, धीर, लक्ष, समाधान, मधल्या वेळचं खाणं (ते तिम-सम म्हणतात ना, मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, तिएन-शिन, आणि हा तिएन विजेचा नाही, ठिपक्याचा), सगळं येतं, पण त्याला वेगळा धागाच लागेल.

व्याकरणमास्तर

मनाचा धागा काढाच. मनमोकळा, मनकवडा, मनधरणी आम्ही घेऊन येतो.